ट्रेमधले काउंटर पुन्हा पुन्हा मिसळतात? आधी झाकण तपासा

वॉरगेम म्हणजे नकाशावर लढाई मांडून खेळायचा खेळ, आणि काउंटर म्हणजे त्यातल्या सैन्यतुकड्या दाखवणारे पुठ्ठ्याचे छोटे चौकोनी तुकडे. ते खणांच्या ट्रेमध्ये ठेवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत ऐकू येते: "सगळं नीट लावून ठेवलं होतं हो, आणि डबा उघडला तर जर्मन आणि रशियन एकाच खणात!" मग उपाय म्हणून माणूस आणखी जास्त खणांचा ट्रे आणतो, सुट्टीची दुपार घालवून सगळं परत लावतो, आणि पुढच्या खेळाला पुन्हा तेच. कारण खण वाढवले तरी गळती बंद होत नाही. वॉरगेमचे काउंटर मिसळतात ते झाकण आणि पडदी, म्हणजे दोन खणांमधली आडभिंत, यांच्यामधल्या फटीतून. हल्लीच्या खेळांतले काउंटर साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे असतात, जुन्या अमेरिकन खेळांतले त्याहून पातळ. फट काउंटरच्या जाडीपेक्षा मोठी असेल, तर डबा उभा धरल्याबरोबर वरचा थर शेजारच्या घरी जाणारच. मिसळणाच्या डब्यात मोहरी जिऱ्यात जाते ती वाट्या लहान म्हणून नव्हे, वरची ताटली टेकत नाही म्हणून. इथेही तसंच.

त्यामुळे नवा ट्रे मागवण्याआधी जुन्याची फट शोधा. खडूचा एक तुकडा पुरतो.

ट्रे पूर्ण रिकामा करा. रंगीत खडू घ्या, निळा किंवा लाल, म्हणजे पारदर्शक झाकणावर खूण चटकन दिसेल. प्रत्येक पडदीच्या माथ्यावर खडू आडवा धरून घासा, आडव्या-उभ्या सगळ्या पडद्यांवर. आता झाकण लावून खटके बंद करा आणि डबा हातात घेऊन जरा हलवा. झाकणावर अंगठा दाबू नका. शेल्फवर असताना तुमचा अंगठा तिथे नसतो. उघडून झाकणाची आतली बाजू बघा. जिथे खडूची रेघ उमटली तिथे झाकण पडदीला टेकतंय. जिथे रेघ नाही, ती काउंटरची पळवाट. स्वस्त ट्रेमध्ये जवळजवळ ठरलेलं चित्र दिसतं: कडेच्या रेघा ठळक, मधल्या पुसट किंवा गायब. झाकण मोठं आणि पातळ, खटके पुढच्या कडेला, मागे बिजागरी, आणि मध्यभाग धरून ठेवायला कुणीच नाही. म्हणून तो फुगतो.

यावरचा उपाय स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. शाळेच्या हस्तकलेसाठी ईव्हीए फोमची रंगीत शीट येते, ए-४ आकाराची, दोनेक मिलिमीटर जाड. चमकी लावलेली मात्र घेऊ नका. ती चमकी एकदा काउंटरवर बसली की जन्मात जात नाही. झाकणाच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी एकेक मिलिमीटर कमी कापा आणि दुहेरी टेपचे दोन-तीन तुकडे लावून आतून चिकटवा. मग खडूची परीक्षा पुन्हा. रेघा सगळीकडे उमटल्या तर काम झालं. फक्त मध्ये उमटत नसतील, तर मध्यावर तळहाताएवढा दुसरा तुकडा लावा. इथे उत्साह आवरावा लागतो. पूर्ण झाकणाला दोन थर लावले, तर फोम झाकणालाच वर ढकलतो, मध्यभाग आणखी फुगतो आणि खटके आपोआप सुटायला लागतात. फोममुळे झाकणातून आतलं दिसत नाही ही एक गैरसोय आहेच. त्यासाठी डब्याच्या पुढच्या बाजूवर कागदाची चिठ्ठी लावा. झाकणावर लावलेली चिठ्ठी डबे एकावर एक ठेवले की दिसत नाही.

खडूच्या रेघा सगळीकडे नीट आहेत, तरीही काउंटर मिसळतात? मग बोट सरकत्या पडद्यांकडे दाखवायला हवं. छत्तीस खणांचे जे डबे मणी, टिकल्या, कानातल्यांसाठी विकले जातात, त्यांतल्या पडद्या काढता-घालता येतात, आणि विकत घेताना तोच मोठा गुण वाटतो. पण अशी पडदी डब्याच्या खाचेत सैल बसते. डबा हातात हलला की ती केसभर वर उचलली जाते, आणि खालून काउंटर आडवा सरकतो. पडदी वाकडी असेल तर हलवायचीसुद्धा गरज नाही. तपासायचं कसं? एक काउंटर तळाला आडवा ठेवा आणि नखाने पडदीखाली ढकलून बघा. गेला, तर सापडलं.

लोक इथे फेविक्विक काढतात. आधी डबा उलटा करून तळाचा त्रिकोण बघा. त्यात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा आहे. त्यावर फेविक्विक किंवा ग्लू गन नीट धरत नाही, आठवड्याभरात पापुद्रा सुटून येतो. ६ असेल तर पॉलिस्टायरीन. त्यावर फेविक्विक पक्कं बसतं, पण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरका धूर धरल्यासारखा थर येतो. डबा उघडा ठेवून रात्रभर वाळू द्या, काउंटर दुसऱ्या दिवशी भरा. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात सोपी युक्ती म्हणजे खाचेत पडदीबरोबर कागदाची घडी घालून ती घट्ट करणं. दिसायला गबाळं दिसतं, पण टिकतं.

फट बुजवूनही खेळाचा डबा पुस्तकासारखा उभा ठेवायचा असेल, तर खणातली मोकळी जागा कमी ठेवा. अर्ध्यापेक्षा कमी भरलेल्या खणात काउंटर खालच्या कोपऱ्यात कोसळतात, त्यांचं सगळं वजन एका पडदीवर येतं. आणि ट्रेला रबरबँड लावू नका. मुंबई-कोकणच्या हवेत रबरबँड वर्षभरात चिकट होऊन प्लॅस्टिकला बसतं, मग खरवडत बसा. शिवणकामाच्या दुकानात मिळणारं रुंद इलॅस्टिक टाका घालून पट्ट्यासारखं वापरा.

काउंटर खणातून निघत नाहीत

ही दुसरी तक्रार. मिसळत नाहीत, पण उचलायला गेलं की डबाच उपडा करावा लागतो. कारण खण अरुंद आणि खोल. अर्धा इंच काउंटरची बाजू १२.७ मिलिमीटर, पाच-अष्टमांश इंचाच्या काउंटरची सुमारे १६ मिलिमीटर. दोन बोटं आत जाऊन तळाचा काउंटर धरता यायला खणाची किमान एक बाजू तीस-पस्तीस मिलिमीटर लागते, आणि खोली वीस-पंचवीसच्या वर नको. नटबोल्टसाठी बनलेले खोल डबे इथेच फसवतात. बाहेरून ऐसपैस दिसतात, पण तळाशी गेलेला काउंटर विहिरीत गेल्यात जमा. तळ गोलसर असेल तर बोटाने काउंटर कडेवर ओढून वर काढता येतो. चौकोनी तळ आणि काटकोनी कोपरे असतील तर टपाल तिकिटांचा संग्रह करणारे लोक वापरतात तो चपट्या टोकाचा चिमटा ठेवा. टोकदार चिमटा छापील थराला ओरखडे काढतो.

एका खणात किती मावतात याचा अंदाज आधीच काढता येतो. ३५ बाय ३५ आणि २० मिलिमीटर खोल खण घ्या. काउंटर सैल टाकले तर चाळीसएक टक्के जागा हवेतच जाते. म्हणजे अर्धा इंचाचे पन्नासेक, पाच-अष्टमांशचे पस्तीसेक मावतात. पण काठोकाठ भरलेला खण वापरायला निरुपयोगी असतो. त्यात हवा तो काउंटर शोधताना चार बाहेर पडतात. निम्मे ते पाऊण धरा. काउंटर पुठ्ठ्याच्या शीटवर छापून येतात. अर्धा इंच काउंटरच्या पूर्ण शीटवर बहुधा २८० काउंटर असतात, पाच-अष्टमांशवर १७६. हा हिशेब करून बघितला की वीस खणांचा एक ट्रे पुरेल की दोन लागतील हे दुकानात जायच्या आधीच कळतं.

कोपरे कापण्याचंही इथेच सांगतो. शीटमधून काउंटर सोडवताना कोपऱ्याला कागदाचा गोंडा राहतो. त्या गोंड्यांमुळे चळत तिरकी होते, काउंटर एकमेकांत अडकतात आणि खण आहे त्यापेक्षा भरलेला वाटतो. पिळून तोडू नका, वरचा छापील थर सोलला जातो. ब्लेडने सोडवा, मग कोपरे कातरा. गोल कोपरा पाडणारं कटर असेल तर उत्तम, नाहीतर साधं नेलकटरसुद्धा चालतं. ट्रेत भरायच्या आधी हे काम करा आणि कागदाचा भुगा झटकून टाका. कातरायचंच नाही म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला न कातरलेले काउंटर बघवत नाहीत, हा माझा दोष.

मांडायलाच तास जातो

इथे ट्रेचा दोष नसतो, लावण्याचा असतो. आणि चूक बहुतेकांची सारखीच असते: सगळी पायदळं एकत्र, सगळे रणगाडे एकत्र. दिसायला सुंदर, मांडताना डोकेदुखी. कोणता काउंटर कोणत्या खणात, हे खेळ काउंटर मागतो कसे यावर ठरतं.

अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर घ्या. अ‍ॅव्हलॉन हिल या अमेरिकन कंपनीने १९७७ साली आणलेल्या स्क्वॉड लीडरचा हा १९८५चा वारसदार, दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या लढायांचा खेळ. यात प्रत्येक प्रसंगाचं कार्ड सांगतं की जर्मन ४-६-७ स्क्वॉड इतके, अमुक दर्जाचे अधिकारी इतके, मशीनगन इतक्या. (स्क्वॉड म्हणजे सैनिकांची छोटी तुकडी, आणि ४-६-७ हे तिच्या काउंटरवर छापलेले मारा, पल्ला आणि मनोधैर्य यांचे आकडे.) म्हणजे इथे प्रकारानुसार लावणंच बरोबर. एक देश एका ट्रेत, आणि एका खणात एकच प्रकार. पण खेळताना ४-६-७ स्क्वॉड फुटून अर्धा होतो आणि त्याच्या जागी २-४-७ लागतो. म्हणून अर्ध्या स्क्वॉडचा खण पूर्ण स्क्वॉडच्या अगदी शेजारी ठेवा, दुसऱ्या टोकाला नको. पायदळ आणि शस्त्रं अर्धा इंचाची, वाहनं आणि तोफा पाच-अष्टमांशच्या. त्यांचे ट्रे वेगळे. धूर, 'प्रेप फायर' (या तुकडीने आधीच गोळीबार केला) वगैरे खुणेचे काउंटर कोणत्याच देशाचे नसतात. त्यांचा छोटा ट्रे वेगळा करून नकाशाच्या बाजूला उघडा ठेवा. सगळ्यात जास्त हात तिथेच जातो.

याउलट ज्या खेळांत काउंटरवरच तो नकाशावरच्या कोणत्या षटकोनी घरात मांडायचा त्याचा क्रमांक किंवा येण्याची फेरी छापलेली असते, तिथे पायदळ-रणगाडे असं वेगळं करण्याला काही अर्थ नाही. सुरुवातीला नकाशावर असणारे काउंटर नकाशाच्या भागांप्रमाणे लावा, उत्तरेचे एका ओळीत, दक्षिणेचे दुसरीत. कुमक फेरीप्रमाणे. एखाद्या फेरीला दोनच काउंटर येत असतील तर त्यांच्यासाठी आख्खा खण अडवू नका. झिपच्या छोट्या पिशवीत घाला, पिशवीवर फेरीचा क्रमांक लिहा. खेळ आवरताना काउंटर कसेतरी खणात सारायचा मोह होतो. त्यावर उपाय म्हणजे ट्रेच्या तळाला प्रत्येक खणाखाली क्रमांक आणि झाकणाला आतून त्याची यादी. मग आवरायला समोरचा खेळाडूही मदत करू शकतो.

लाकडी ठोकळ्यांच्या खेळांचं गणित सोपं आहे. जीएमटी या अमेरिकन कंपनीने २०१९ साली ब्रिटिशकालीन भारतावर आणलेल्या 'गांधी'सारख्या खेळात बरेचसे मोहरे लाकडी आहेत. ते फटीतून पळत नाहीत, त्यांना प्रत्येक पक्षाची एकेक पिशवी बस होते. तिथे ट्रेवर खर्च करू नका.

खेळाच्या डब्याचं झाकण बसत नाही

ट्रे घेताना लोक लांबी-रुंदी मोजतात, उंची विसरतात. खेळाच्या डब्याच्या खालच्या भागाची आतली उंची मोजा. बाहेरून दोन इंची दिसणारा डबा आतून तेवढा नसतो. त्यातून नकाशा, नियमपुस्तिका आणि तक्ते यांची एकत्र जाडी वजा करा. कागदी नकाशा असेल तर काही मिलिमीटरच जातात. पुठ्ठ्यावर चढवलेला घडीचा नकाशा मात्र सहज बारा-पंधरा मिलिमीटर खातो. मग फासे: नेहमीचा फासा १६ मिलिमीटरचा, तो ट्रेच्या वर बसणार नाही. ट्रेमध्येच एक खण फाशांसाठी सोडा. एवढं करून उरेल ती ट्रेची कमाल उंची, आणि तीही झाकणासकट. झाकण थोडंसं उचललेलं राहिलं तर "चालतंय" म्हणू नका. वर दुसरे डबे ठेवले की तेच वजन ट्रेच्या झाकणावर येतं, ते वाकतं, आणि आपण परत फटीपाशी येतो.

ट्रे अजिबात बसत नसेल तर काउंटर वेगळ्या डब्यात ठेवायला काहीच हरकत नाही. अमेरिकेतले खेळाडू मासेमारीच्या गळांसाठी बनलेले प्लॅनोचे डबे वापरतात, युरोपात डॅनिश राको कंपनीचे. आपल्याकडे ते मागवायचे तर वाहतुकीचाच खर्च डोळ्यांत पाणी आणतो. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मण्यांचे, भरतकामाचे, दागिन्यांचे डबे ढिगाने मिळतात. "काउंटर ठेवायचा ट्रे" म्हणालात तर दुकानदार बँकेच्या काउंटरवरचा ट्रे काढेल. "मण्यांचा खणांचा डबा दाखवा, पडद्या पक्क्या असलेला" म्हणा. खिशात आपले दोन काउंटर न्या. एक खणात टाका, झाकण लावा, उभा धरून हलवा. दुकानदार विचारतो, "साहेब, एवढं काय ठेवणार यात?" त्याला काहीही सांगा, पण हलवल्याशिवाय घेऊ नका.

पावसाळा, बुरशी आणि डांबरगोळ्या

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आणखी एक त्रास जडतो. काउंटर फुगतात, कडेने थर सुटतात, उघडलं की कुबट वास. पुठ्ठा हवेतली ओल पितो, आणि ओल असताना झाकण बंद केलं तर ती आतच कोंडली जाते. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात भर जुलैत खेळून काउंटर तसेच घट्ट डब्यात भरणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. आवरल्यावर ट्रे पंख्याखाली तासभर उघडा ठेवा, नंतर बंद करा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. औषधांच्या, बुटांच्या खोक्यांतून येतात त्या जपून ठेवा, पण त्या एव्हाना ओल पिऊन बसलेल्या असतात हे धरून चाला. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे कधी संपले ते दिसतं. नारंगीचे हिरवे होणारे चालतील. निळ्याचे गुलाबी होणारे टाळा, त्यांत कोबाल्टचं क्षारद्रव्य असतं. संपलेले दाणे ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. पुड्या कागदी किंवा प्लॅस्टिकच्या असतील तर त्या ओव्हनमध्ये घालू नका, दाणे ताटलीत काढा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: कपाटातल्या डांबरगोळ्या. घराघरात साड्यांच्या, लोकरी कपड्यांच्या कपाटात त्या असतात, आणि खेळांचे डबे त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यात. डांबरगोळ्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. तळाशी ६ लिहिलेला, काचेसारखा पारदर्शक, टणक ट्रे काही महिन्यांत चिकट होतो, त्याला तडे जातात आणि काउंटर तळाला बसतात. असा चिकटलेला काउंटर ओढू नका. छाप तळाला राहते आणि पुठ्ठा हातात येतो. पातळ पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड खालून सपाट सरकवा. मऊ व्हिनाइलच्या पारदर्शक पिशव्याही पॉलिस्टायरीनच्या ट्रेला लागून ठेवू नका. कंपासपेटीत खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून खळगा पाडतं, ते याच कारणाने. मऊ प्लॅस्टिकमध्ये घातलेलं तेलकट द्रव्य टणक प्लॅस्टिकमध्ये उतरतं.

म्हणून दमट हवेत आणि कपड्यांच्या कपाटाशेजारी राहायचं असेल तर ५ आकड्याचा, जरा धुरकट दिसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या. तो कमी देखणा असतो, पण त्याची बिजागरी हजारदा उघडझाप सोसते. पॉलिस्टायरीनची बिजागरी सर्वांत आधी तुटते, आणि बिजागरी तुटली की झाकण मागच्या बाजूने टेकत नाही.

थ्रीडी प्रिंटरवर खण छापून घेणाऱ्यांसाठी एवढंच: पीएलए, म्हणजे अशा छपाईत नेहमी वापरलं जाणारं प्लॅस्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला ट्रे वाकडा झाला तर प्रिंटरला दोष देऊ नका. गाडीतून नेणार असाल तर जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजी प्लॅस्टिकमध्ये छापा.

ट्रे नक्की केला तरी एकदम दहा मागवू नका. एक आणा, सगळ्यात जास्त वापरातली बाजू त्यात भरा, खडूने तपासा, पिशवीत घालून मित्राच्या घरी नेऊन-आणून बघा. पास झाला तर उरलेले सगळे एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्या. हे बिननावाचे डबे काही महिन्यांनी त्याच खोक्यात वेगळ्या साच्याचे येतात, आणि मग ते ना एकावर एक बसतात, ना एकाचं झाकण दुसऱ्याला लागतं.